सुझॅना ड्रुरीचे तीन महिने

मुंबईच्या माणसाला ‘कॉजवे’ म्हटलं की कुलाबा आठवतो. चपला, कानातली, घासाघीस. त्यामुळे डब्लिनला नोकरी लागल्यावर पहिल्याच महिन्यात ऑफिसमधल्या मुली ‘जायंट्स कॉजवेला जाऊ या’ म्हणाल्या, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बाजारच आला. प्रत्यक्षात साडेतीन तास बसमध्ये बसून आम्ही पोचलो ते आयर्लंड बेटाच्या पार उत्तरेला, अँट्रिम परगण्याच्या किनाऱ्यावर. समोर काळा दगड. पायऱ्यापायऱ्यांनी समुद्रात उतरत गेलेला.

सुमारे चाळीस हजार खांब आहेत तिथे. एकमेकांना इतके चिकटून उभे की फटीत पोस्टकार्डही जेमतेम जाईल. बहुतेक सहा बाजूंचे, पण पाच आणि सातवालेही भरपूर, क्वचित चार किंवा आठ. वरून पाहिलं की कुणीतरी फरसबंदी करून ठेवल्यासारखं वाटतं. पाऊस पडत होता. बसवाल्याने दीड तास दिला होता, त्यातली वीस मिनिटं रांगेत गेली. एक काका चिमटीत नाणं धरून ते दोन खांबांच्या फटीत ठोकून बसवत होते. असं करू नका म्हणून तिथली देखभाल करणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था सांगत असते, कारण नाणी गंजून फुगतात आणि दगडाचे टवके उडतात. काकांनी फोटो काढला आणि गेले. आम्हीही फोटो काढले आणि गेलो.

रात्री आईला फोनवर फोटो दाखवले. ती म्हणाली, “अगं, दगडच बघायचे होते तर आपली गिल्बर्ट हिल काय वाईट होती?”

मी अंधेरीतच वाढले. शाळेच्या रिक्षातून रोज ती टेकडी दिसायची, म्हणजे दिसत असणार. मी हसण्यावारी नेलं. पण नंतर ते १४० फोटो पुन्हा चाळले आणि जरा ओशाळले. एकाही फोटोत एखाद्या खांबाच्या बाजू धड मोजता येत नव्हत्या. प्रत्येकात पुढे माझा रेनकोट, मागे धूसर काळं काहीतरी.

त्याच आठवड्यात कॉजवेबद्दल शोधताना एक जुनं चित्र सापडलं. साल १७३९च्या आसपासचं. मी सवयीने दोन बोटांनी ते मोठं करत गेले. खांब मोजता आले. कुठल्या खांबाला किती बाजू, कुठला आडवा कुठे तुटलाय, कुठल्या तुटलेल्या डोक्याला वाटीसारखा खळगा आहे, सगळं. चित्रकर्तीचं नाव सुझॅना ड्रुरी. ती डब्लिनची होती. तिच्या जन्माचं आणि मृत्यूचं साल कुठल्याही पुस्तकात खात्रीने दिलेलं नाही. बाजूला ज्या विद्वानांची नावं होती त्यांची मात्र जन्मगावापासून थडग्यापर्यंत सगळी माहिती होती. तिथून मी या गोष्टीच्या मागे लागले.

कॉजवेचा ‘शोध’ १६९३चा मानतात. आता, किनाऱ्यावरच्या कोळ्यांना तो आधीपासून माहीत होताच. त्यांच्याकडे गोष्टही होती. फिन मॅकूल नावाच्या राक्षसाने पलीकडच्या स्कॉटलंडमधल्या राक्षसाशी दोन हात करायला समुद्रात हा रस्ता बांधला. पलीकडचा प्रत्यक्ष आला तेव्हा तो फारच दांडगा निघाला, म्हणून फिनच्या बायकोने नवऱ्याला बाळाचे कपडे घालून पाळण्यात झोपवलं. बाळ एवढं, तर बाप केवढा असेल, या विचाराने पाहुणा पळाला आणि जाताना रस्ता उखडत गेला. गंमत म्हणजे पलीकडे स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर खरोखरच असेच खांब आहेत, आणि तेही त्याच काळातल्या ज्वालामुखींनी घडवलेले. दोन्ही टोकं पाहिलेल्या कुणीतरीच ही गोष्ट रचली असणार.

पण ‘शोध’ लागायला लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कागदावर यावं लागतं. १६९३ साली सर रिचर्ड बल्कली या आयरिश गृहस्थाने तिथे पत्र पाठवलं. त्याने स्वतः कॉजवे पाहिलाच नव्हता. एका बिशपबरोबर तिथे जाऊन आलेल्या माणसाकडून जे ऐकलं ते त्याने कळवलं. मग लंडनहून प्रश्न आले. खांब एकसंध आहेत की तुकड्यांचे? बाजू किती? बिशप सॅम्युएल फोलीने उत्तरं पाठवली, ती १६९४ला एका रेखाचित्रासह छापली गेली. चित्रात खांब आहेत, पण ते पाहून जागा कशी असेल याचा काही पत्ता लागत नाही.

यावर टिपणं लिहिली थॉमस मॉलिन्यू या डब्लिनच्या डॉक्टरने. माणूस हुशार. हे खांब माणसांनी किंवा राक्षसांनी बांधलेले नसून नैसर्गिक आहेत, असं त्याने ठणकावून सांगितलं. जर्मनीतल्या सॅक्सनीत स्टोल्पेनच्या किल्ल्याखाली असेच काळे खांब आहेत आणि ॲग्रिकोला या खाणतज्ज्ञाने १५४६ सालच्या पुस्तकात त्यांना ‘बेसॉल्ट’ म्हटलंय, हा दुवाही त्याने जोडला. हे सगळं डब्लिनमध्ये बसून. चित्रावर तो नाराज होता, म्हणून एडविन सँडिस नावाच्या चित्रकाराला उत्तरेला पाठवण्यात आलं. सँडिसचं चित्र देखणं आहे. जरा जास्तच देखणं. आजूबाजूच्या कड्यांवर त्याची कल्पनाशक्ती बरीच खेळलीय. पुढची चाळीस वर्षं युरोपातल्या विद्वानांना कॉजवे दिसला तो असा, ऐकीव माहिती आणि सजवलेलं चित्र यांतून.

मग ड्रुरी.

मेरी डिलेनी ही त्या काळची मोठी पत्रलेखिका. ड्रुरी तिथे तीन महिने राहिली आणि जवळजवळ रोज खांबांपाशी जात होती, हे आपल्याला कळतं ते तिच्या एका पत्रामुळे. तीन महिने! मी दीड तासात गारठले होते. तिथला समुद्र शांत नसतोच, वारा छत्री उलटी करतो, ओहोटीलाच खालचे खांब मोकळे होतात आणि ते शेवाळाने निसरडे असतात. १७३९मध्ये तिथे ना रस्ता ना हॉटेल. आणि तिचे रंग गुआशचे, म्हणजे पाण्यात कालवलेले जाड रंग, तेही वासराच्या कमावलेल्या कातड्यावर. पावसाचा एक शिडकावा आणि दिवसाचं काम वाहून गेलं. तिने हे माध्यम का निवडलं असेल यावर मी खूप विचार केला. मला वाटतं, बारीक काम करायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तैलरंगात कड मऊ होते. तिला कड हवी होती.

तिने कॉजवेची दोन दृश्यं रंगवली, एक पूर्वेचं, एक पश्चिमेचं. रुंदी साधारण दीड हात. पुढे खांबांची गर्दी, मागे उंच कडे, आणि मध्येच झगमगीत कपड्यांतले बाईबुवा फिरायला आलेले, इतके छोटे की आधी लक्षातच येत नाहीत. पण माझी नजर खिळली ती खांबांच्या सांध्यांवर. उभा खांब एकसंध नसतो. ठरावीक अंतरावर आडवा तुटलेला असतो आणि एका तुकड्याचा फुगवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसलेला असतो, एकावर एक रचलेल्या वाट्यांसारखा. फोलीने हे शब्दांत लिहिलं होतं. ड्रुरीने ते प्रत्येक खांबाला त्याच्या त्याच्या जागी दाखवलं.

१७४० साली डब्लिन सोसायटीने या चित्रांना २५ पौंडांचं बक्षीस दिलं. १७४३-४४मध्ये लंडनला फ्रांस्वा विव्हारे या कोरीवकाराने त्यांचे छाप काढले आणि ते युरोपभर गेले. मूळ चित्रांची एक जोडी आज बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियमकडे आहे. पण गोष्ट पुढे सरकली ती छापांमुळे.

आता आपल्याला फ्रान्समध्ये जावं लागेल, कारण कॉजवेचं उत्तर कॉजवेवर सापडलंच नाही. १७६३ साली निकोला देमारे नावाचा सरकारी अधिकारी मध्य फ्रान्सच्या ओव्हेर्न भागात फिरत होता. त्याचं काम कारखाने तपासायचं, नाद दगडांचा. क्लेरमाँ शहराच्या वर प्रुदेलच्या पठारावर चढताना त्याला वाटेत काळ्या दगडाचे कोनेदार तुकडे पडलेले दिसले. वर गेला तर पठाराच्या कडेला तसेच खांब उभे. खांबांच्या खालची माती भाजलेली. तो दगडाचा थर धरून चालत राहिला, आणि तो थर एका विझलेल्या ज्वालामुखीपाशी जाऊन पोचला. म्हणजे खांब हे थिजलेल्या लाव्हाचे!

आणि त्याला आयर्लंडची ती चित्रं आठवली. देमारेने कॉजवे कधीच पाहिला नाही. त्याच्यापुढे होते ते ड्रुरीच्या चित्रांचे छाप. इथले खांब आणि तिथले खांब बाजूंपासून सांध्यांपर्यंत सारखे, तेव्हा कारणही सारखं असणार, असं त्याने म्हटलं. आयर्लंडच्या त्या किनाऱ्यावर ना धूर, ना विवर, ना उद्रेकाची एखादी आठवण. तरीही तिथे कधीकाळी ज्वालामुखी होता, असं एका चित्राच्या भरवशावर म्हणणं सोपं नव्हतं. १७६५ला त्याने हे पॅरिसच्या अकादमीपुढे मांडलं. १७६८ला दिदरोच्या प्रसिद्ध विश्वकोशाच्या चित्रखंडात ज्वालामुखींच्या विभागात कॉजवेचं चित्र आलं, ड्रुरीच्या चित्रावरून काढलेलं. त्याचा सविस्तर निबंध छापून यायला १७७४ उजाडलं.

सँडिसच्या चित्रावरून देमारेला ही तुलना करता आली असती का? मला नाही वाटत. सजवलेल्या चित्रात तुम्हाला चित्रकाराची आवड दिसते. एखादा सांधा खरा आहे की शोभेसाठी टाकलाय हे कळायला मार्ग नसतो.

वाद मात्र मिटला नाही, उलट पेटला. देमारेच्या आधी ओव्हेर्नमधले मृत ज्वालामुखी ओळखणारा गेतार, त्याने १७५२ सालीच ते जाहीर केलं होतं, तोच आता म्हणाला की ज्वालामुखी खरे पण बेसॉल्ट पाण्यातून साकळलेला. जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात वेर्नर नावाचा प्रचंड लोकप्रिय शिक्षक होता. त्याच्या मते बेसॉल्टसकट बहुतेक खडक एका आदिम महासागराच्या तळाशी थरावर थर साचून झाले. युरोपभरातून विद्यार्थी त्याच्याकडे येत आणि हेच घेऊन घरी जात.

आज वाचताना हे लोक हटवादी वाटतात, पण क्षणभर त्यांच्या जागी उभं राहून बघा. मिठाचे, स्फटिकाचे असे नेमके कोन पाण्यातूनच तयार होताना त्यांनी पाहिले होते. व्हेसुव्हियसचा लाव्हा वेडावाकडा, सच्छिद्र. त्या राखरांगोळीतून एवढी शिस्त येईल हे कुणाला पटणार? शिवाय पाण्याचं उत्तर मान्य केलं तर पृथ्वी एकदाच घडली आणि शांत झाली असं म्हणता येतं. आगीचं मान्य केलं की आयर्लंडसारख्या हिरव्यागार जागेखालीही कधीतरी आग होती आणि तिचा मागमूस पुसला जाण्याएवढा काळ लोटलाय, हे मानावं लागतं. बायबलवरून काढलेल्या सहा हजार वर्षांत ते बसत नाही.

कॉजवेच्याच परिसरात दोन पाद्री परस्परविरुद्ध बाजूंनी उभे राहिले. विल्यम हॅमिल्टनने १७८६ साली अँट्रिमच्या किनाऱ्यावर पत्ररूप पुस्तक लिहिलं आणि ज्वालामुखीची बाजू घेतली. (१७९७च्या राजकीय धुमाळीत डोनेगलमध्ये त्याचा खून झाला. दगडांशी त्याचा संबंध नाही, पण वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.) दुसरा विल्यम रिचर्डसन. त्याला जवळच्या पोर्टरश गावाच्या किनाऱ्यावर काळ्या, टणक ‘बेसॉल्ट’मध्ये चक्क शंख सापडले. गुंडाळी केलेले ॲमोनाइट, समुद्री प्राण्यांचे जीवाश्म. आगीतून आलेल्या दगडात शंख कसे टिकतील? पाणीवाल्यांना हुकमी पुरावाच मिळाला.

पोर्टरशचे नमुने हातोहात फिरले. शेवटी बारकाईने पाहणाऱ्यांच्या लक्षात आलं की शंख असलेला दगड बेसॉल्टच नाही. ती समुद्रतळाची जुनी चिखलाची पाटी आहे. शेजारी घुसलेल्या तप्त रसाने ती भाजून विटेसारखी टणक आणि काळी झाली, इतकी की नुसत्या डोळ्यांना बेसॉल्टच वाटावी. म्हणजे पुरावा आगीच्याच बाजूचा निघाला. पोर्टरशचे ते खडक आज राखीव आहेत. हातोडा घेऊन जाता येत नाही.

बाकीचं उत्तर पुढच्या दोन शतकांत हळूहळू आलं. साधारण सहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे थर पसरले. मग उद्रेक बराच काळ थांबले आणि उष्ण, दमट हवेत वरचा दगड कुजून लाल झाला. त्यात नद्यांनी दऱ्या कोरल्या. पुढचा लाव्हा आला तो अशा दरीत साचला, तळ्यासारखा खोल. खोल म्हणून सावकाश थंड झाला. थंड होताना दगड आक्रसतो आणि तडकतो. उन्हाळ्यात तळ्याचा चिखल तडकतो तसाच, फक्त इथे तडा निवत जाणाऱ्या लाव्हाबरोबर आत आत शिरत जातो. जितकं सावकाश निवणं तितके जाड आणि नीटस खांब. टोरांटोच्या एका प्रयोगशाळेत कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून वाळवून असे छोटे खांब तयार केलेत. मीही वाटीत करून पाहिले. दिव्याखाली आठवडाभर ठेवले. पेन्सिलीपेक्षा बारीक, पण खांबच. सगळे काही षटकोनी आले नाहीत.

तो कुजलेला लाल थर कॉजवेजवळच्या कड्यांत पट्ट्यासारखा दिसतो. पहिल्या खेपेला मी तो पाहिलाही नव्हता. फोटोत आहे, रेनकोटच्या मागे. तो म्हणजे आपला जांभाच. कोकणात ज्याचे चिरे काढून घरं बांधतात त्याचाच भाऊबंद. बेसॉल्ट उष्ण पावसात कुजला की हे होतं, आयर्लंडात असो की रत्नागिरीत. आणि आपण तर या काळ्या दगडावरच जन्मतो. दख्खनचा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, अँट्रिमपेक्षा थोडा थोरला. घाटातून जाताना काळ्या थरांमध्ये लाल रेघ दिसली तर ती दोन उद्रेकांमधल्या खंडाची असते.

गिल्बर्ट हिल त्याच काळातली. सुमारे साठ मीटर उंच, उभ्या खांबांचीच. भोवतालचा दगड खाणींनी नेला, खडी झाली, मुंबईच्या रस्त्यांत गेली. उरला तो मधला सुळका, वर गावदेवीचं देऊळ. २००७मध्ये पालिकेच्या वारसा यादीत तिचा समावेश झाला, तोवर वस्ती पायथ्याला टेकली होती.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा कॉजवेला गेले. एकटी, आडवारी, वही आणि दोन पेन्सिली घेऊन. चित्रकला शाळेतच सुटली होती. एक कोपरा निवडला आणि ठरवलं, जेवढे दिसतात तेवढे काढायचे. पहिल्या तासात कागदावर मधमाशांचं पोळं उतरलं, कारण हात न बघताच सहा बाजू काढत होता. मग मोजायला लागले. पहिलाच खांब पाच बाजूंचा निघाला. त्याच्या शेजारचा सात. एक इतका वाकडा की त्याला काय म्हणावं कळेना. तीन तासांत चौदा खांब झाले, त्यातले सहा बाजूंचे फक्त सहा. तोवर पाणी चढायला लागलं आणि तिथल्या माणसाने हात हलवून मागे यायला सांगितलं. वहीच्या खालच्या कडेवर एक लाट येऊन गेली होती. पेन्सिल होती म्हणून वाचलं.

रात्री आईला वहीचं पान दाखवलं. तिला ते आवडलं की नाही कळलं नाही. दोन दिवसांनी तिचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. गिल्बर्ट हिल. पुढे टपऱ्या, वायरींची जाळी, कुणाची तरी वाळत घातलेली चादर, आणि मागे काळी उभी भिंत. मी दोन बोटांनी मोठा केला. खांबांच्या कडा पुसट येत होत्या, मोजता येईनात.

तसं तिला लिहिलं.

तिचं उत्तर आलं, “दुपारी गेले होते ना. सकाळी त्या बाजूला ऊन असतं. उद्या जाते.”